माफीचे दिवस आणि सराईताचा शिक्का

मामा कारागृह खात्यातून निवृत्त झालेले. येरवडा, नाशिकरोड, नागपूर, पुन्हा येरवडा, अशी सगळी नोकरी भिंतीच्या आतल्या बाजूला गेली. भाची सत्र न्यायालयात सरकारी वकील. ऐकणाऱ्याला वाटतं, तुरुंगवाला कडक बोलणार आणि वकीलबाई त्याला आवर घालणार. या घरात उलटं आहे. कैद्याला माफी मिळालीच पाहिजे यावर मामा अडून बसतात, आणि जो दुसऱ्यांदा गंभीर गुन्हा करून आत आला त्याच्या माफीला कात्री लावा, असं भाची म्हणते. मी त्यांचा शेजारी. या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुरुंगाचा हिशेब ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं. शिक्षा झालेल्या बंद्याला चांगल्या वर्तणुकीचे आणि नेमून दिलेल्या कामाचे महिन्याकाठी ठरावीक दिवस मिळतात. ते शिक्षेतून वजा होतात. त्यावर अधिकाऱ्यांच्या हातातली विशेष माफी आणि सरकार प्रसंगी जाहीर करतं ती माफी. खुल्या कारागृहात हा दर बंद कारागृहापेक्षा बराच जास्त. सात किंवा दहा वर्षं अशी मोजून दिलेली शिक्षा या दिवसांनी थेट घटते. जन्मठेपेचं तसं नाही. गांधीहत्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी कमावलेली माफी धरून आपली वीस वर्षं भरली, असा दावा केला होता. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, सरकारनं सूट दिल्याशिवाय सुटका नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६१ साली त्यांना सांगितलं. पुढे १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ कलम आलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्यानं खरीखुरी चौदा वर्षं आत काढलीच पाहिजेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ४७५ झालं आहे.

म्हणजे भाचीची कात्री लागणार ती प्रामुख्यानं मोजून शिक्षा झालेल्यांना आणि चौदा वर्षांनंतर सरकारच्या दारात अर्ज घेऊन उभ्या राहणाऱ्या जन्मठेपवाल्यांना.

भाची : मामा, माझं म्हणणं अगदी सरळ आहे. एकदा शिक्षा झाली, माफी घेऊन लवकर सुटला. ठीक. बाहेर येऊन त्यानं पुन्हा कुणाच्या पोटात सुरा खुपसला. आता दुसऱ्या शिक्षेतही त्याला तोच दर? पहिली माफी वाया गेली, हे हिशेबात कुठेच धरायचं नाही?

मामा : अगं, तू माफीकडे बक्षीस म्हणून बघतेस. आमच्या हातात ते हत्यार होतं. १८९४ चा तुरुंग कायदा काढ. कैद्यानं आत बेशिस्त केली तर काय करायचं त्याची यादी ४६व्या कलमात आहे. बेड्या आहेत, फटके आहेत. आज यातलं काय वापरता येतं? फटके मारणारा अधीक्षक आठवड्यात हायकोर्टापुढे उभा राहील, आणि राहायलाच हवा. मग उरलं काय? मुलाखत बंद, कॅन्टीन बंद आणि माफीत कपात. पहिल्या दोन्हींना पक्का कैदी भीक घालत नाही.

भाची : म्हणजे तुमच्या सोयीसाठी समाजानं जोखीम घ्यायची.

मामा : सोय नाही, वॉर्डरचा जीव. शेकडो माणसांच्या सर्कलमध्ये रात्री मोजकेच वॉर्डर असतात, हातात काठीपलीकडे काही नाही. ज्याच्या नावावर कापायला एक दिवसही शिल्लक नाही, त्याला सकाळी कामावर उभा कशाच्या जोरावर करू? आणि तू ज्याची माफी काढून घ्यायला निघालीस, तोच तर सगळ्यांत धोकादायक. साध्या भोळ्या कैद्याला माफीचं आमिष लागतच नाही, तो तसाही मान खाली घालून राहतो.

इथे मामांनी त्यांचा आवडता दाखला काढला. १८४० साली अलेक्झांडर मॅकोनॉकी नावाचा नौदल अधिकारी ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावरच्या तुरुंगाचा प्रमुख झाला. हे बेट म्हणजे शिक्षेतही पुन्हा गुन्हा केलेल्यांची वसाहत. मॅकोनॉकीनं शिक्षा वर्षांत न मोजता गुणांत मोजायला घेतली. काम आणि वर्तणूक यांतून गुण मिळवा आणि लवकर सुटा. वरिष्ठांचा हुकूम होता की ही पद्धत नव्यानं आलेल्यांपुरती ठेव, जुन्या दुबार गुन्हेगारांना लावू नकोस. त्यानं ती सगळ्यांना लावली. आज जगभर जी माफीची पद्धत आहे तिचं एक मूळ तिथे आहे.

भाची : आणि चार वर्षांत त्याला परत बोलावलं, ते नाही सांगितलंत.

मामा : बोलावलं. बेट शांत होतं तरी बोलावलं. लंडनला तुरुंग चालवायचा नव्हता, दहशत चालवायची होती.

भाची : बरं, बेट राहू द्या. तुमच्या नागपूरला येऊ. तुम्ही वर्तणूक मोजता ती आतली. मला काळजी बाहेरची. अरुण गवळीनं नागपूरच्या तुरुंगात गांधीविचारांची परीक्षा दिली आणि ८० पैकी ७४ गुण मिळवून पहिला आला. पेपरात फोटोसह बातमी होती. मी ती वाचून हसले नाही, मला पटलं की हा माणूस आत उत्तम वागतो. टोळीचा म्होरक्या आत उत्तमच वागणार! त्यानं हातानं कधी काही केलं होतं का, की आत करावं?

मामा : त्याला सोडायचं की नाही हे गांधी परीक्षेवर ठरलं नाही.

ते खरंच आहे. नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांचा २००७ साली खून झाला. त्यात गवळीला २०१२ मध्ये मोक्का न्यायालयानं जन्मठेप दिली. २००६ च्या शासन धोरणात पासष्टी ओलांडलेल्या आणि अशक्त झालेल्या बंद्यांना चौदा वर्षांनंतर सोडण्याची सोय होती. २०१५ मध्ये सरकारनं मोक्काच्या बंद्यांना त्यातून वगळलं. शिक्षा झाली त्या दिवशीचं धोरण लागू, म्हणून नंतरचं वगळणं गैरलागू, या आधारावर नागपूर खंडपीठानं एप्रिल २०२४ मध्ये त्याच्या बाजूनं निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं, शिक्षेविरुद्धचं त्याचं अपील अजून पडून आहे आणि तो सतरा वर्षांहून अधिक काळ आत आहे हे बघून, जामीन दिला. माफीचं भांडण तसंच राहिलं आणि माणूस दुसऱ्याच दारानं बाहेर आला.

भाची : म्हणूनच मी म्हणते, नियम शिक्षेच्या आधी हवा. नंतर परिपत्रक काढून वगळाल तर कोर्टात टिकत नाही. आधीच लिहून ठेवा, गंभीर गुन्ह्यात दुसरी दोषसिद्धी झाली तर माफी निम्मी, किंवा शून्य.

मामा : आणि गवळी तुझ्या त्या नियमात बसतो का? खटले खंडीभर, पण दोषसिद्धी मोजायला बसलीस तर हाताला फारसं लागत नाही. बहुतेक खटल्यांतून तो सुटलेलाच आहे. साक्षीदार उभे राहत नाहीत म्हणून मोठा गुन्हेगार कागदावर पहिलटकर राहतो. तुझा नियम लागणार कुणाला, तर ज्याला वकील परवडत नाही, जो पहिल्या तारखेला गुन्हा कबूल करून मोकळा होतो त्याला.

भाची काही वेळ बोलली नाही. वादात मामा पुढे गेले ते इथेच, असं मला वाटतं. पण ती लवकर सावरली.

भाची : कबुली देणारा चोर असतो, मामा. खून, बलात्कार, दरोडा यांत पहिल्या तारखेला कुणी कबूल करत नाही. मी चोरांबद्दल बोलतच नाहीये.

मामा : तू बोलत नसशील. कायदा बोलतो. सराईत कोण, याची व्याख्या वाच.

ही व्याख्या दोघांनी मिळून मला समजावली. महाराष्ट्रात १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आहे. सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार तुरुंगातल्या जातीय भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला निकाल लागला. नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढा, जातीवरून कामं वाटू नका, आणि सराईत हा शब्द राज्याच्या कायद्यात व्याख्या असेल तरच वापरा, असं न्यायालयानं बजावलं. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रानं आदर्श कारागृह नियमावली दुरुस्त केली. सलग पाच वर्षांत, तुरुंगातला काळ वगळून, वेगवेगळ्या प्रसंगी दोनपेक्षा जास्त वेळा दोषी ठरून कैदेची शिक्षा झालेला, तो सराईत.

मामा : आता सांग, या जाळीत कोण अडकतो? लोकलमध्ये पाकीट मारणारा. तीन महिने आत, सुटला, पुन्हा सहा महिने, पुन्हा चार. झाला सराईत. आणि ज्यानं एक खून केला, चौदा-पंधरा वर्षं काढली, बाहेर येऊन दुसरा केला? दोनच शिक्षा. तो सराईत नाही! तुझ्या स्वप्नातला माणूस व्याख्येतून निसटला आणि पाकीटमार अडकला.

भाची : तर मग व्याख्या बदला. मोजणी शिक्षांच्या संख्येवर ठेवू नका, गुन्ह्याच्या वजनावर ठेवा.

मामा : बदलतील. पण शिक्का आधी मारलेला असतो ना. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ ला गेला. सोलापूरच्या सेटलमेंटची, म्हणजे त्या जमातींना कोंडलेल्या वसाहतीची, तार तुटली. कैकाडी, पारधी, बेरड यांना कागदोपत्री मोकळं केलं, आणि सात वर्षांत सराईतांचा कायदा उभा केला. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ तू कॉलेजात वाचलंस. मी त्यातली माणसं आत रांगेत बघितली. पारध्याचं पोर एकदा आत आलं की गावात कुठे काही झालं तरी त्याच्याच झोपडीवर काठी पडते. त्याच्या तीन शिक्षा आणि दुसऱ्याच्या तीन शिक्षा एकाच मापाच्या नसतात.

हा मुद्दा मला इतर सगळ्यांहून जड वाटतो. वारंवार गुन्हा करणाऱ्याला वेगळं वागवा, हे ऐकायला निर्विवाद आहे. पण आपल्या राज्यात कोण वारंवार पकडला जातो याचा इतिहास जातीनं लिहिलेला आहे. जी मोजणी पोलिसांच्या वहीवरून सुरू होते तिच्यावर मी माझी सही देणार नाही.

भाचीनं मात्र आणखी एक आकडा पुढे केला, तोही मामांचाच.

भाची : तुम्ही नेहमी म्हणता, तुरुंग भरलेत, माफी कापली तर अजून तुंबतील. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल बघा. देशात ५ लाख ७३ हजारांवर बंदी, क्षमतेच्या १३१ टक्के. पण त्यातले जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी. त्यांना माफीचा संबंधच नाही. उरलेल्या चोवीस टक्क्यांत दुसऱ्यांदा गंभीर गुन्हा करणारे किती असतील? त्यांना पूर्ण मुदत ठेवल्यानं तुरुंग तुंबणार नाहीत. गर्दी कमी करायची तर जामिनाचं बघा.

मामा : हे मान्य.

मामांचं “हे मान्य” मी फार वेळा ऐकलेलं नाही.

भाची : आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय? १५ ऑगस्ट २०२२ ला गोध्र्याच्या तुरुंगातून बिल्किस बानोवरच्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणातले अकरा जण सुटले, बाहेर हार घालून स्वागत झालं. गुजरातनं १९९२ चं जुनं धोरण लावलं, चौदा वर्षांचं. खटला मुंबईत चालला होता, म्हणजे सोडण्याचा अधिकार महाराष्ट्राचा. महाराष्ट्राच्या २००८ च्या धोरणानं अशा गुन्ह्याला किमान २८ वर्षं लागली असती, हे मुंबईच्या विशेष न्यायालयाच्या न्यायाधीशांनी कळवलेलंही होतं. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती सुटका रद्द केली. एक सरकार चौदा म्हणतं, दुसरं अठ्ठावीस. पीडितेनं कुठलं धरून चालायचं? सरकारच्या मर्जीपेक्षा कायद्यात लिहिलेली मर्यादा बरी.

मामा : ते अकरा जण सराईत नव्हते, बाई. तू गुन्ह्याच्या क्रौर्याबद्दल बोलतेस, पुनरावृत्तीबद्दल नाही. दोन्हींची खिचडी करू नकोस.

भाची : शक्ती मिल घ्या मग. तिथे पुनरावृत्तीच होती.

मामा : घेतो. २०१३ साली जुलैत एक गुन्हा, ऑगस्टमध्ये दुसरा. दोन्ही खटल्यांचा निकाल मार्च २०१४ मध्ये एकाच वेळी लागला, आणि वारंवार बलात्काराचं नवं ३७६-ई कलम लावून तिघांना फाशी. गुन्हा भयंकर, यात शंका नाही. पण शिक्षा भोगून, संधी मिळून, पुन्हा तेच केलं, असं तिथे घडलेलंच नव्हतं. पहिल्या आणि दुसऱ्या गुन्ह्याच्या मधे त्यांना तुरुंगानं बघितलंही नव्हतं. माफी वाया गेली म्हणायला आधी माफी द्यावी लागते.

भाची : आणि २०२१ मध्ये हायकोर्टानं फाशी रद्द केली तेव्हा काय लिहिलं? नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत जन्मठेप. पॅरोल नाही, फर्लो नाही. मला हवी ती मर्यादा हीच. गृह विभागाच्या परिपत्रकातून नाही, तुरुंगाच्या नोंदवहीतून नाही. न्यायाधीशानं त्या माणसाकडे बघून, कारणं देऊन, शिक्षेच्या दिवशीच लिहिलेली.

मामा : न्यायाधीशानं लिहिलं तर माझं भांडण निम्मं मिटतं. सक्ती नको. सक्ती आपण करून पाहिलेली आहे. जुन्या दंडसंहितेचं ३०३ कलम आठवतं? जन्मठेपेच्या कैद्यानं खून केला की फाशीच, दुसरा पर्याय नाही. १९८३ मध्ये मिठू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते उडवलं, कारण न्यायाधीशाला माणूस बघायला जागाच ठेवली नव्हती. कॅलिफोर्नियानं १९९४ ला तीन गुन्ह्यांचा नियम केला आणि दीडशे डॉलरच्या व्हिडिओ कॅसेट चोरणाऱ्याला किमान पन्नास वर्षं मिळाली. २०१२ मध्ये त्यांना स्वतःलाच तो सैल करावा लागला.

भाची : सक्ती मी मागतच नाही. पण मग तुम्हीही एक द्या. आतली वर्तणूक हा एकमेव मापदंड सोडा.

मामा : तो कधीच सोडलाय. खरा मापदंड आत नसतोच, रजेवर असतो. फर्लोवर घरी गेलेला माणूस ठरल्या तारखेला स्वतःच्या पायांनी गेटवर येऊन उभा राहतो, त्यातून जे कळतं ते दहा वर्षांच्या हिस्ट्री टिकिटातून, म्हणजे कैद्याच्या नोंदपत्रातून, कळत नाही. करोनाच्या वेळी २०२० मध्ये तातडीच्या पॅरोलचा नियम केला तेव्हा हीच अट घातली होती, मागच्या दोन रजांवरून वेळेत परत आलेला हवा.

भाची : आणि जे परत येत नाहीत? वडाळ्यात एका तरुण वकील मुलीचा तिच्याच इमारतीच्या सुरक्षारक्षकानं खून केला. २०१६ मध्ये नाशिकरोडहून पॅरोलवर सुटला आणि गायब. पुढच्या वर्षी काश्मीरमध्ये सापडला. तेवढे महिने तिच्या आईवडिलांनी कसे काढले असतील?

मामांनी याला उत्तर दिलं नाही. रजा चुकवली तर एकेका दिवसापोटी अनेक दिवसांची माफी कापतात, हे त्यांनी सांगितलं असतं तर ते उत्तर झालं नसतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

आता माझं मत. महिन्याची कमाई माफी कुणाचीही मुळापासून काढू नये, सराईताचीही नाही. मामांचा वॉर्डर मला दिसतो, आणि ज्याला कमवायला काहीच नाही असा माणूस भिंतीच्या आत तयार करण्यात शहाणपण नाही. पण एका जागी मी भाचीबरोबर आहे. ज्याला गंभीर हिंसक गुन्ह्यात शिक्षा झाली, ती भोगून तो सुटला आणि नंतर तसाच गुन्हा केल्याचं न्यायालयात सिद्ध झालं, त्याच्या एकूण माफीला कमाल मर्यादा हवी. किती वर्षं माफीबाहेर, हे शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशानं त्याच दिवशी सांगावं, कारणांसह, म्हणजे कैद्याला, पीडिताला आणि अधीक्षकाला पहिल्या दिवसापासून एकच तारीख माहीत असेल. चोरी, पाकीटमारी आणि पोलिसांच्या वहीतली नुसती नोंद यात मोजू नये. राज्यपालांचा आणि राष्ट्रपतींचा दयेचा अधिकार घटनेनं दिलेला आहे, त्याला कुठला नियम हात लावू शकत नाही, आणि तो तसाच राहावा.

यात अडचण एकच आहे. माफीबाहेरची ठरावीक वर्षं लिहिण्याची वाट सर्वोच्च न्यायालयानं २००८ च्या स्वामी श्रद्धानंद खटल्यात काढली आणि २०१५ मध्ये श्रीहरन खटल्यात घटनापीठानं ती कायम केली, पण फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयासाठी. साक्षीदार ज्याच्यासमोर उभे राहतात, आरोपीला जो महिनोन्‌महिने समोर बघतो, त्या सत्र न्यायाधीशाला तो अधिकार आज नाही.